खान्देशच्या उन्हाळ्यात आर-३२चा एसी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दीड टनी इन्व्हर्टर, गॅस आर-३२ (मशीनमध्ये फिरून खोलीतली उष्णता बाहेर टाकणारं शीतक). जळगावात वरच्या मजल्यावरची, दिवसभर स्लॅब तापणारी खोली. वापर मार्च ते ऑक्टोबर.

गारव्यात हा गॅस कुठे कमी पडत नाही. मे महिन्यात पारा ४४-४५वर गेला की दुपारी कॉम्प्रेसर जवळजवळ अखंड चालतो, पण त्या उन्हात जुन्या आर-२२ गॅसच्या मशीनचीही दमछाक होतेच. एक मात्र खरं, कॉम्प्रेसरमधून निघणारा आर-३२ हा आर-४१०ए या त्याच्या आधीच्या गॅसपेक्षा जास्त तापतो. आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीला पत्र्याखाली कोंडून बसवलं, तर भर दुपारी मशीन ट्रिप होणारच. कापसाच्या हंगामात कॉइलवर तंतूंचा थर बसतो. तो उन्हाळ्याआधी साध्या पाण्याने, कमी दाबाने धुवावा, नाहीतर कॉइलच्या पातळ पट्ट्या (फिन) वाकतात.

आता मुख्य मुद्दा. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत आर-४१०ए २०८८ पट तापमानवाढ करतो, आर-३२ ६७५ पट. फरक मोठा आहे, पण ८०० ग्रॅम आर-३२ गळून गेला तर ५४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखंच. म्हणजे सगळा खेळ फिटिंगवर. मशीनमधलाच थोडा गॅस सोडून पाइपातली हवा काढायची सवय इथे अजून दिसते. ती करू देऊ नका. गॅस तर हवेत जातोच, शिवाय पाइपात राहिलेल्या ओलाव्याने तेल खराब होऊन आम्ल तयार होतं. आधी नायट्रोजन भरून जोडांवर साबणाचा फेस लावून गळती बघायची, मग व्हॅक्यूम पंपाने पाइपातला दाब ५०० मायक्रॉनच्या (अगदी कमी दाब मोजायचं एकक) खाली आणायचा, पंप बंद करून दहा मिनिटं आकडा चढतो का ते बघायचं. पाइपाच्या पसरवलेल्या तोंडावरचा (फ्लेअर) नट टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळायचा. जास्त आवळला तर फ्लेअर चिरतो.

पुन्हा गॅस भरताना नुसत्या गेजवर जाऊ नये. इन्व्हर्टरचा दाब कॉम्प्रेसरच्या वेगाप्रमाणे बदलतो, त्यामुळे नेमप्लेटवरचं वजन काट्यावर मोजूनच भरावं. आर-३२ एकच घटक असल्याने थोडा गळला तरी मिश्रण बिघडत नाही, पण आधी गळती शोधा.

आर-२९० म्हणजे प्रोपेन. तापमानवाढीत तो नगण्य, दीड टनाला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास पुरतो. पण चांगलाच ज्वलनशील. जुन्या आर-२२च्या मशीनमध्ये तो किंवा घरगुती सिलिंडरचा गॅस भरून देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्या मशीनचे रिले, वायरिंग ज्वलनशील गॅससाठी बनवलेले नसतात आणि हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. आर-२९०साठीच बनवलेलं मशीन घेणार असाल, तर त्या गॅसचं प्रशिक्षण घेतलेला मेकॅनिक तुमच्या तालुक्यात येतो का, हे पैसे देण्याआधी विचारा.