टेलीमानस १४४१६ : बोटीवर माणूस असलेल्या घरातून रिव्ह्यू

टेलीमानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, नंबर १४४१६, चोवीस तास चालू आणि पूर्ण फुकट. आमच्या दापोलीकडे अजून कित्येकांना माहीतच नाही म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मी हर्णै बंदरावरची, घरची मासेमारीची बोट आहे आणि हे स्वतः तांडेल, म्हणजे बोट चालवणारे मुख्य. म्हणजे १ ऑगस्टला पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की ते ३१ मे पर्यंत घरचा माणूस समुद्रावर, एकदा खोल गेले की मोबाईल लागत नाही.

काळजी बंदरावरच्या कुठल्या घरात नाही सांगा. पण निसर्ग वादळानंतर, म्हणजे ३ जून २०२० नंतर, माझं काहीतरी वेगळंच सुरू झालं. वारा जरा सुटला की छाती धडधडायची, हात गार पडायचे आणि "फोन लागत नाही" इथून जे डोकं सुटायचं ते थेट "पोरांचं आता कसं होणार" इथे जाऊन थांबायचं, मधे काही नाहीच. बरं ते समुद्रावर असतानाच असं व्हायचं म्हणावं तर तसंही नाही, बंदीच्या दिवसात बोट शाकारून वर ठेवलेली, हे शेजारी घोरतायत, आणि मी मात्र रात्री तीनला पत्र्याचा आवाज ऐकत जागी.

लोक सांगायचे ते प्रेमानेच सांगायचे, नाम घे, पॉझिटिव्ह विचार कर, मन कशात तरी गुंतव. एक पैसे भरून घ्यायचं अ‍ॅपपण घेतलं होतं, सगळं इंग्रजीत आणि मागे झऱ्याचा आवाज, मला नाही उपयोग झाला. डॉक्टरकडे जायचं तर आमच्या जिल्ह्यात मनाचा डॉक्टर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर रत्नागिरीचं मनोरुग्णालयच येतं, "हिला रत्नागिरीला पाठवा" ही तर चेष्टेत बोलायची पद्धतच आहे. खरं तर तिथे उपचार घेऊन माणसं बरी होऊन घरी येतात आणि ह्या चेष्टेने किती जण वेळेवर जायचे थांबतात ह्याचा मला मनापासून राग येतो. पण तेव्हा माझीही हिंमत झाली नाही. फोन करणं जमण्यासारखं होतं.

नंबर लावला, भाषा मराठी निवडली आणि समुपदेशक ताई बोलायला आल्या. मला वाटलं होतं ह्यापण म्हणणार काळजी करू नका. त्या तसं म्हणाल्याच नाहीत! त्या म्हणाल्या, "ताई, धोका खोटा नाहीये, समुद्र आहे तो. फक्त आपण बघू की ह्यातली कुठली काळजी तुम्हाला काहीतरी करायला लावते आणि कुठली नुसतीच फिरत राहते." माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं हेच होतं, कारण आमच्यासारख्या घरात "काही होणार नाही" ह्या वाक्याला अर्थच नाही, होतं कधीकधी, आम्ही पाहिलेलं आहे.

त्यांनी वहीत दोन रकाने करायला सांगितले. एका बाजूला मला खरंच माहीत आहे ते, दुसऱ्या बाजूला मला वाटतंय ते. मागच्या मोसमात बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी हवेचा इशारा) लागला त्या रात्रीचं पान माझ्याकडे आहे. डावीकडे लिहिलंय : बावटा लागलाय. संध्याकाळी वायरलेसवर दुसऱ्या बोटीला निरोप होता की जयगडच्या खाडीत शिरतोय. लाईफ जॅकेट आहेत. खाडीत आश्रयाला दरवर्षी बोटी जातात. उजवीकडे : निरोप चुकीचा असेल. इंजिन बंद पडलं असेल. कोणीतरी मला मुद्दाम सांगत नाहीये. लिहून झाल्यावर बघितलं तर उजवीकडच्या एकाही ओळीला मला कोणी काही सांगितल्याचा आधार नव्हता, सगळं माझ्याच डोक्यातून आलेलं. भीती गेली असं नाही म्हणणार मी, पण धडधड खाली आली आणि मी पोरांना जेवायला वाढू शकले. घटना एक, तिच्याबद्दलचा आपला विचार दुसरा आणि त्रास होतो तो बराचसा त्या विचाराने, हे अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलं आणि आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी ते मराठी माणसांपर्यंत पोचवलं, हे मी नंतर वाचलं.

दुसरी गोष्ट खात्री करत बसण्याची. मी दर थोड्या वेळाने हवामानाचं अ‍ॅप उघडायचे, पलीकडच्या वहिनींना फोन, मच्छीमार सोसायटीत फोन, परत अ‍ॅप. ताईंनी समजावलं की खात्री केली की पाच मिनिटं बरं वाटतं, आणि मेंदू शिकतो की बरं वाटायचं तर परत खात्री करा, म्हणून ती भूक वाढतच जाते. आता हवामान खात्याचा अंदाज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बघते, इशारा असेल तर गोष्ट वेगळी. हे पहिले काही दिवस फार अवघड जातं, हात आपोआप मोबाईलकडे जातो. काळजीला ठरलेली वेळ द्या असंही सांगितलं होतं, संध्याकाळचा मासळीचा लिलाव आटपला की वीस मिनिटं काय ती काळजी करायची आणि बाकी वेळेला विचार आला की "संध्याकाळी बघू" म्हणून वहीत टाकायचा. संध्याकाळपर्यंत त्यातले अर्धे विचार बिनकामाचे वाटतात. धडधड सुरू झाली तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, एवढं एक मी पोरीलापण शिकवलंय परीक्षेसाठी.

आणि जी काळजी कामाची निघाली ती कामाला लावली. जॅकेट मोसमाच्या आधी तपासून घेतो, वायरलेसची बॅटरी बघतो, आणि ह्यांच्याशी बसून ठरवलं की कुठल्या बोटीमार्फत निरोप द्यायचा. इतक्या वर्षात हे आम्ही कधी बोललोच नव्हतो. ह्यांना माझी ही अवस्था माहीतही नव्हती.

मर्यादा पण सांगते. हा फोन आहे, इथे कोणी नाडी बघत नाही. मला ताईंनीच सांगितलं की एकदा रक्त तपासून घ्या, थायरॉईड वाढलं तरी छाती धडधडते आणि झोप उडते, म्हणून दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन आले. कोणाला गोळ्या चालू असतील तर फोनवर बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. जास्त त्रास असेल तर ते पुढे मानसोपचार तज्ज्ञांशी जोडून देतात. जीव नकोसा वाटत असेल तर सकाळची वाट न बघता ह्याच नंबरवर फोन करा, आणि समोरच कोणी स्वतःला इजा करत असेल तर ११२.

बोलताना रेंज नीट असेल तिथे बसा, आमच्याकडे घरात तुटतं म्हणून मी बुरुज दिसतो त्या बाजूच्या ओट्यावर जाते. सोसायटीच्या आणि जेटीच्या बोर्डावर हा नंबर मोठ्या अक्षरात लावायला हवा असं मी सोसायटीत सांगून आलेय. बोटीवरच्या खलाशी मुलांनाही देऊन ठेवलाय, घरापासून महिनोन्महिने लांब असतात ती, आणि तिथे हिंदीतही बोलतात.