उथळ तळ्यातल्या क्रॅपीसाठी फ्लॅशर : एका हिवाळ्याचा वापर आणि ती रबरी गोळी

डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत हा फ्लॅशर, म्हणजे बर्फाखालचे मासे ध्वनिलहरींनी स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या उथळ तळ्यांवर फक्त क्रॅपी या गोड्या पाण्यातल्या माशासाठी वापरला. बर्फाखाली पाणी जेमतेम अडीच मीटर. स्क्रीन, रंग, वजन हे सगळं गरवणाऱ्यांना ठाऊक आहे, ते इथे उगाळत नाही. लिहायला बसलो ते ट्रान्सड्यूसरच्या (पाण्यात लटकून ध्वनी सोडणारा आणि टिपणारा भाग) केबलवरच्या रबरी गोळीमुळे.

बर्फात पाडलेल्या भोकात फोमचा तरंगा बसतो, त्याच्या खाचेतून केबल जाते आणि गोळी ती केबल हव्या त्या उंचीवर अडवून धरते. ट्रान्सड्यूसर बर्फाच्या खालच्या कडेच्या किंचित खाली आणि ओळंब्यासारखा सरळ लटकायला हवा. भोकाच्या आतच राहिला तर भिंतींचा प्रतिध्वनी येऊन स्क्रीनचा वरचा भाग भरून जातो. उणे १५ सेल्सियसच्या खाली गोळीचं रबर दगडासारखं होतं, ओल्या केबलवर बर्फाचा पापुद्रा धरतो, पकड सुटते आणि केबल हळूहळू खाली सरकते. गुंडाळून ठेवलेल्या केबलचे थंडीत ताठरलेले वेढे मग पाण्यात उतरतात आणि ट्रान्सड्यूसर कलतो.

खोल पाण्यात १० अंशांचा कल लगेच लक्षातही येत नाही, कारण तिथे बर्फाखाली भरपूर केबल सोडता येते आणि ती आपल्या वजनाने सरळ होते. इथे हिशेब वेगळा. अडीच मीटरवर १० अंश म्हणजे किरणाचा मध्य ४४ सेंटीमीटर बाजूला. ध्वनी शंकूसारखा पसरतो, आणि यंत्रात ९ किंवा २० अंशांचा शंकू निवडता येतो. ९ अंशांच्या शंकूचा तळावरचा घेर तिथे साधारण ४० सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे तळाजवळ सोडलेली गरी घेराच्या पूर्ण बाहेर. २० अंशांच्या शंकूत ती अगदी काठावर, फिकट हिरवी रेघ बनून राहते. शिवाय केबल ३०-४० सेंटीमीटर खाली घसरली की तेवढं वरचं पाणी दिसेनासं होतं, आणि फेब्रुवारीत मासे नेमके तिथेच असतात. बर्फावर जाड हिम साचलं की उजेड आत जात नाही, वनस्पती प्राणवायू बनवायचं थांबवतात, कुजणारा पाला उरलासुरला शोषून घेतो. टंचाई तळापासून सुरू होते, म्हणून क्रॅपी वर चढतात, काही वेळा बर्फाला जवळजवळ पाठ लागेल इतके.

कंपनीला दोनदा लिहिलं. पहिलं उत्तर : अख्खं यंत्र पाठवा, टपालखर्च तुमचा. ऐन हंगामात! दुसरं उत्तर : गोळी सुटी मिळत नाही, तरंग्यासकट नवा संच घ्या. बोटाच्या पेराएवढ्या रबरासाठी संच घेणं मला पटलं नाही, अजूनही पटत नाही.

उपाय फुकटात झाला. कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा, ज्याच्या तोंडात दोरीसाठी गोल खाच असते, तो तरंग्यावर आडवा ठेवून केबलला लावायचा. केबल आधी फडक्याने कोरडी पुसायची. प्लास्टिकचा चिमटा नको, थंडीत तडकतो. घरून निघण्यापूर्वी केबल कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून हाताने सरळ केली की वेढेही राहत नाहीत.

जानेवारीपर्यंत माझं मत होतं की उथळ पाण्यात ९ अंशच बरा, २० अंश नुसता गोंगाट दाखवतो. ते मत मागे घेतो. गोंगाट जास्त गेनमुळे (यंत्राची संवेदनशीलता) होता. कमी ताकदीचा मोड लावायचा, गेन शून्यावरून सुरू करायचा आणि ३ मिलिमीटरची टंगस्टन जिग (वजन लावलेली गरी) बारीक हिरवी दिसू लागली की तिथेच थांबायचं. मग २० अंशात बाजूने येणारा मासा आधी कळतो. पाणवनस्पती दाट असतील तिथे मात्र अजूनही ९ अंशच.

क्रॅपीचे डोळे वरच्या दिशेला रोखलेले असतात, तो वर बघत खातो. म्हणून स्क्रीनवर माशांच्या सर्वांत वरच्या खुणेच्या साधारण ३० सेंटीमीटर वर जिग धरायची, खाली कधीच नाही. खूण उठून जिगला चिकटली की कांडीच्या टोकाची स्प्रिंग बघायची. बरेचदा ती वाकत नाही, उलट वर सरळ होते, कारण मासा जिग घेऊन वर येतो आणि २ पौंडी तंगूस सैल पडतो. हिसका नको. तोंड कागदासारखं पातळ असतं, फाटतं. मनगटाने अलगद उचलायचं आणि एका हाताने ट्रान्सड्यूसर आधी बाहेर काढायचा. अडीच मीटरवरून मासा काही सेकंदांत भोकाशी येतो, केबलला तंगूस गुंडाळला की मासा गेलाच.

बॅटरीबद्दल थोडक्यात. सोबत आलेली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची लेड-ॲसिड उणे १८ ला अर्ध्यावर येते. लिथियम आयर्न फॉस्फेट निम्म्याहून हलकी आणि जास्त टिकते, पण घरात आणून खोलीइतकी उबदार झाल्यावरच चार्ज करायची. शून्याखाली चार्ज केली तर आतून कायमची खराब होते.

बर्फाला भोक पाडायचं गिरमिट ६ इंची पुरे. सगळी भोकं एकदम पाडायची, झाऱ्याने भुगा काढायचा आणि पंधरा मिनिटं शांत बसायचं, कारण उथळ पाण्यात आवाजाने थवा पांगतो. अगदी काठाजवळ पातं तळाच्या वाळूला लागू देऊ नका, एकदा लागलं की धार गेली. चालण्यासाठी निदान ४ इंच स्वच्छ बर्फ, पांढरा असेल तर दुप्पट.

यंत्राला पाचपैकी चार. तो एक गुण गोळीचा, आणि ती सुटी विकायला लागले तर परत देईन.