पावसाळा, दुखरे सांधे आणि दोन कामं: पुस्तक वाचून द्यावं की पान तपासावं?

आमवाताचं निदान होऊन मला अकरा वर्षं झाली. गोळ्या, शेक, बोटांचे व्यायाम हे ज्यांना आहे त्यांना पाठच असतं, त्यामुळे त्यात शिरत नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कुणाच्या तरी उपयोगी पडावंसं वाटतं, हाताला आवडीचंही काहीतरी हवं असतं, आणि बाहेर चार महिने पाऊस असतो. अशा वेळी घरबसल्या करण्यासारखी दोन कामं समोर येतात. एक, अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करून देणं. दुसरं, मराठी विकिस्रोतावर, म्हणजे जुनी पुस्तकं सगळ्यांना वाचायला खुली ठेवणाऱ्या विकिपीडियाच्या भावंड संकेतस्थळावर, जुन्या पुस्तकांची पानं तपासणं. पहिलं मी तीन पावसाळे केलं, दुसऱ्याचा हा चौथा पावसाळा. यातलं कुठलं घ्यावं असं ओळखीतल्या दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाऊस आला की सांधे दुखतात हा मनाचा खेळ आहे का, असंही विचारतात. ब्रिटनमध्ये अडीच हजारांवर लोकांनी मोबाइलवर रोजच्या दुखण्याच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्यांचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला: हवेतला दमटपणा आणि वारा वाढला, दाब उतरला की दुखणं थोडं वाढतं. थोडंच. माझ्यापुरतं सांगायचं तर देवरुखला पावसाची झड लागली की सकाळचा कडकपणा पाऊण तासाचा दीड तास होतो. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागतो, कपाच्या कानात बोट जात नाही. शिवाय आठवड्यातून एकदा असलेली गोळी घेतली की दुसरा दिवस अंग गळून जातं. आठवड्यातले हाताशी येणारे दिवस चार, फार तर पाच. काम निवडायचं ते या चार दिवसांत मावणारं.

वाचनाचं काम कागदावर आपल्यासाठीच बनवल्यासारखं दिसतं. हात मोकळे राहतात. पुस्तक स्टँडवर ठेवायचं, मोबाइल समोर, आणि वाचायचं. कुठलं पुस्तक वाचावं याला बंधनही कमी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने दृष्टिहीन आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाचं ध्वनिरूप करायला मुभा दिली. अशा वाचकांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला २०१४ मध्ये सगळ्यांत आधी मान्यता देणारा देश भारतच. म्हणजे कालपरवा आलेलं पाठ्यपुस्तकही वाचून देता येतं, फक्त ते ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापर्यंतच जायला हवं. आणि या कामात समोर माणूस असतो. राज्यशास्त्र घेतलेल्या एका मुलीने फोन करून सांगितलं होतं, "ताई, तुम्ही नवीन परिच्छेदाआधी थांबता ना, तेवढ्यात मी मनात एकदा म्हणून घेते." तो फोन मला अजून आठवतो. विकिस्रोतावर असा फोन येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मग सोडलं का? दारामुळे.

आमचं घर जुनं, कौलारू, पुढे पत्र्याची पडवी. ध्वनिमुद्रण करायचं तर माजघरातल्या खोलीत, पंखा बंद, खिडकीला घोंगडी, आणि दार लावून. ते दार सागाचं नाही, आणि जुलैत फुगतं. चौकटीत बसायला त्याला खांद्याने रेटावं लागतं आणि उघडताना कडी धरून जोरात ओढावं लागतं. ज्यांचं मनगट सुजलेलं आहे त्यांना ही ओढ काय असते ते सांगायला नको. मूठ घट्ट धरायची आणि त्याच क्षणी मनगट वळवून हिसका द्यायचा, आमवाताला नेमकं जे नको ते. एका प्रकरणासाठी हे चार-पाच वेळा व्हायचं: दूधवाला आला, कुकरची शिट्टी झाली, उकाड्याने जीव घाबरा झाला म्हणून पंखा लावायला उठले. दोरी बांधून पाहिली, कोपरात अडकवून ओढायची. सुताराकडून कडेला रंधा मारून घेतला. पुढच्या झडीत ते पुन्हा फुगलं.

एवढं करून बसावं तर पत्रा. रिपरिप चालते, ती आवाजात मिसळून जाते. पण सर आली की पत्र्यावर कुणीतरी तांदूळ ओततंय असं वाटतं, आणि चाळीस मिनिटांच्या प्रकरणात ती एकतिसाव्या मिनिटाला येते. कापून जोडता येतं म्हणतात, आणि येतंही. पण सकाळचा आवाज आणि संध्याकाळचा आवाज वेगळा असतो. माझा तर दुखण्याच्या दिवशी अजूनच वेगळा, घाईचा. ऐकताना मला तो ओळखू यायचा. पाऊस उघडला तेव्हा मी अंथरुणातून उठू शकत नव्हते, आणि मी बरी होते तेव्हा पाऊस उघडत नव्हता. तिकडे परीक्षेची तारीख ठरलेली. तिसऱ्या पावसाळ्यात एका पुस्तकाची शेवटची दोन प्रकरणं मी नऊ दिवस उशिरा दिली. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही, तरी ते मला फार लागलं.

विकिस्रोतावर मला काय मिळालं, तर पान. पडद्यावर एका बाजूला जुन्या पुस्तकाच्या पानाचं छायाचित्र, दुसऱ्या बाजूला यंत्राने त्यावरून ओळखलेला मजकूर. दोन्ही ताडून पाहायचं, चुका दुरुस्त करायच्या, जतन करायचं. पान कुठवर आलं याची खूण रंगाची: न तपासलेलं लाल पान पिवळं होतं. मग दुसरं कुणीतरी तपासतं आणि ते हिरवं होतं. आपणच पिवळं केलेलं पान आपल्याला हिरवं करता येत नाही, हा नियम मला फार आवडतो. आपली नजर चुकली तर पुढे कुणीतरी आहे. पान अर्धंच झालं तरी आहे तिथे जतन करून उठता येतं. तीन दिवस बसता आलं नाही तर ते पान तसंच लाल राहतं, कुणाचं काही अडत नाही. दार उघडं राहतं, पंखा चालू राहतो, सर आली तर बरंच वाटतं.

पुस्तकं मात्र जुनीच. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून खुलं झालं, असा हा हिशेब. ज्याला आजच्या विद्यार्थ्याच्या हातात काहीतरी द्यायचं आहे, त्याला हे लांबचं वाटेल. मला सुरुवातीला वाटलं होतं.

पण काम रंगतं. यंत्र घ आणि ध मध्ये, भ आणि म मध्ये फसतं, रफार सोडून देतं. खरी गंमत अनुस्वारांची. १९६२ चे लेखननियम येण्याआधीची पुस्तकं म्हणजे 'घरांत', 'नाहीं', 'कां'. हे सगळे अनुस्वार मूळ पानावर आहेत तसेच ठेवायचे असतात. गेल्या आठवड्यात एका पानावर 'तेथे' होतं, वर ठिपका. अनुस्वार की कागदावरचा डाग? चित्र मोठं केलं. खालच्या ओळीत 'तेथें' स्पष्ट होतं, त्याचा ठिपका मात्रेला चिकटून, गोल. वरचा किंचित लांबट, मात्रेपासून सुटलेला. मला डाग वाटला. तरी त्याच पानावर तोच शब्द अनुस्वाराने लिहिणारा छापखाना आधीच्याच ओळीत विसरेल का? त्या एका ठिपक्यावर मी दहा मिनिटं होते, आणि त्या दहा मिनिटांत मनगटाची आठवण झाली नाही.

बोटं मात्र लागतात. दुरुस्त्या बहुधा एकेका अक्षराच्या, तरी माउस दुखवतो. मी डाव्या हाताने चालवायला शिकले, आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ वीस मिनिटांचं लावते. ते वाजलं की दुखत नसलं तरी उठते. दुखायला लागल्यावर उठलं तर दुसरा दिवस जातो.

इथे छंदाचा प्रश्न येतो, कारण हात दोन्हीकडे तेच. वाचनाचं काम होतं तेव्हा मी दुपारी गोधडी शिवायची. आवाज एका कामाला, हात दुसऱ्याला, ही वाटणी खरोखर चांगली होती. पान तपासायला लागले तशी सुई झेपेना. तीन थरांतून धावदोरा घालायचा म्हणजे अंगठा आणि तर्जनीची चिमूट, तीच माझी सगळ्यांत वाईट जागा. गोधडी आता दिवाळीनंतर काढते. पावसात जलरंग. ब्रशच्या दांड्याला जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळून तो अंगठ्याएवढा जाड केला आहे, त्यामुळे आवळून धरावा लागत नाही. कोरड्या दिवसांत रंगाचा हात फिरवायला घाई करावी लागते. आमच्या दमट हवेत कागद बराच वेळ ओला राहतो आणि सावकाश चालणाऱ्या हाताला सवड मिळते. कागदाला बुरशी येते, म्हणून तो पत्र्याच्या ट्रंकेत, प्लॅस्टिकमध्ये बांधून. एवढंच सांभाळावं लागतं.

तुमचं घर स्लॅबचं असेल, शेजार शांत असेल, दारं सहज लागत असतील आणि दुखणं मुख्यतः बोटांत असेल, तर वाचन घ्या असं मी म्हणेन. घसा, मान आणि बसणं शाबूत असेल तर त्यासारखं काम नाही. ज्यांचा भरवसा दिवसागणिक बदलतो, ज्यांना सकाळी सातला फोन करून "आज जमत नाही" म्हणणं दुखण्यापेक्षा जड जातं, त्यांनी आधी एक पान तपासून पाहावं. एकच. छोटं, कमी ओळींचं, कवितेचं असलं तर उत्तम.

मी वाचन अगदी सोडलेलं नाही. दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी होते आणि माजघराचं ते दार एका बोटाने लागतं. मग त्या पंधरा दिवसांत दोन-तीन प्रकरणं वाचून देते, आधीच सांगून की तेवढीच.