तोमिओका रेशीम गिरणी: १८७२ चा जपान पाहायला कुठे जावं

१८७२ मध्ये जपानात शिम्बाशी-योकोहामा रेल्वे सुरू झाली, शिक्षणाचा नवा कायदा आला आणि वर्ष सरताना जुनं पंचांगही गेलं. त्याच वर्षी सरकारने गुन्मा प्रांतात उभारलेली तोमिओकाची गिरणी अजून जागच्या जागी आहे. प्रवेश १,००० येन. तेवढे नक्की वसूल होतात, पण आधी थोडं वाचून जा.

खरी मेजवानी इमारतींची आहे. रेशमाचे कोश साठवायची दोन गोदामं प्रत्येकी १०४ मीटर लांब: सांगाडा लाकडी, भिंती विटांच्या. विटा स्थानिक कौलं करणाऱ्यांनी भाजल्या, सिमेंटऐवजी चुना वापरला. पूर्वेकडच्या गोदामाच्या कमानीवर 'मेइजी ५' (म्हणजे १८७२ साल) कोरलेलं आहे, ते वर मान करून नक्की पाहा. धागा काढायचं दालन १४० मीटरचं. छताला कैच्या (भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे) असल्यामुळे मध्ये एकही खांब नाही. कोश गरम पाण्यात ठेवून धागा काढायच्या ३०० कढयांसाठी मोकळी जागा आणि धागा दिसायला भरपूर उजेड, ही दोन्ही कामं त्या रचनेने साधली.

उणीव इथेच आहे. दालनात दिसतात ती यंत्रं विसाव्या शतकातली, १९८७ ला गिरणी बंद होईपर्यंत चाललेली. सरकारने नेमलेल्या पॉल ब्रूना या फ्रेंच तज्ज्ञाने फ्रान्सहून आणलेली यंत्रं ती नव्हेत, आणि घाईत फिरणाऱ्याचा हमखास गैरसमज होतो. फ्रान्समध्ये धागा थेट मोठ्या रिळावर घेत. जपानच्या दमट हवेत तो चिकटायचा, म्हणून इथे आधी लहान रिळावर आणि मग पुन्हा मोठ्या रिळावर गुंडाळत. यंत्रांची उंचीही इथे काम करणाऱ्या जपानी मुलींच्या मापाने ठरवून घेतली होती. परदेशी तंत्र आपल्या हवेला आणि माणसांना जुळवून घेण्याचं इतकं स्पष्ट उदाहरण क्वचित मिळतं, त्याला प्रदर्शनात याहून ठळक जागा हवी. ब्रूनाच्या वाफेच्या इंजिनाची चालती प्रतिकृती आहे, पण ती ठरावीक दिवशीच चालवतात. वेळापत्रक पाहूनच तारीख ठरवा.

पश्चिमेकडचं गोदाम चुकवू नका. आत काचेची खोली उभारून इमारत भक्कम केली आहे आणि जुन्या भिंती जशाच्या तशा दिसतात.

ताकासाकीहून जोशिन रेल्वेने जोशू-तोमिओका साधारण ४० मिनिटं, पुढे १५ मिनिटं पायी. पर्यटकांचा देशभराचा रेल्वे पास (जेआर पास) या गाडीत चालत नाही, तोक्यो परिसराचा तोक्यो वाइड पास चालतो. पास नसेल तर ताकासाकीलाच परतीचं भाडं आणि प्रवेश मिळून असलेलं तिकीट घ्या. शेवटचा प्रवेश साडेचारला, तेव्हा दोनच्या आत पोहोचा.