परदेशी जाणाऱ्यांनो, बिलाशिवाय पौंड-डॉलर घेऊ नका

माझ्या मामा-मामींना कोल्हापुरातल्या एका ट्रॅव्हल एजंटाने ८०० पौंड विकले. त्यातले ६०० पौंड इंग्लंडमधल्या कुठल्याच दुकानात चालत नाहीत, असं तिथं पोचल्यावर कळलं. आता गडहिंग्लज, जयसिंगपूर, कागलपासून कितीतरी आईवडील लेकीच्या बाळंतपणाला नाहीतर मुलाच्या पदवीदानाला परदेशी जातात. त्यातले बरेचजण पहिल्यांदाच विमानात बसणार असतात. त्यांच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मामेबहीण लीड्सला असते. तिकीट, विमा, व्हिसाचा अर्ज, मुंबई विमानतळापर्यंतची गाडी ही सगळी कामं त्याच एजंटाने केली, आणि ती नीट केली. विश्वास बसला तो तिथंच. निघायच्या आदल्या आठवड्यात तो स्वतःहून म्हणाला, "काका, पौंडाचं काय केलंय? बँकेत कशाला हेलपाटे घालताय, मी घरपोच देतो. भाव पण पौंडामागं दीड रुपया कमी." मामा निवृत्त शिक्षक, सगळ्याची पावती ठेवणारे. त्यांनी बिल मागितलं. त्यावर उत्तर आलं, "बिल केलं की जीएसटी लागतो, उगाच दोन-तीन हजारांचा भुर्दंड. घरचं काम आहे, बिलाची काय गरज?"

हा भुर्दंड खरा किती असतो, ते बघा. परकीय चलन घेताना जीएसटी पूर्ण रकमेवर लागत नाही. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का ही सेवेची किंमत धरतात आणि तेवढ्यावरच १८ टक्के कर लावतात. मामांनी ८४,००० रुपये दिले. त्याचा १ टक्का म्हणजे ८४० रुपये, आणि त्यावर कर होतो साधारण १५१ रुपये. पण हा हिशोब सामान्य माणसाला माहीत नसतो आणि ही मंडळी नेमका त्याचाच फायदा घेतात.

दुसरं खोटं याहून वाईट होतं. "तिकडं छोट्या दुकानात, बसमध्ये कार्ड चालत नाही, रोख जास्त ठेवा," असं त्याने मामींना सांगितलं. खरी परिस्थिती नेमकी उलटी आहे. लंडनच्या बसमध्ये २०१४ च्या जुलैपासून रोख पैसे घेतच नाहीत. चहा-पावापासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत जिकडंतिकडं लोक कार्डच टेकवतात.

नोटा आल्या त्या पाकिटात, रबर लावलेल्या. सगळ्या वीस-वीस पौंडांच्या. वरच्या आणि खालच्या काही नोटा प्लास्टिकच्या, चकचकीत. मधल्या तीस कागदी. मामांनी मोजल्या, चाळीस भरल्या. कागदी का, असं विचारलंही. तो म्हणाला, "जुन्या राणीच्या आहेत, राणीच्या पण चालतात, राजाच्या पण चालतात." यातलं अर्धं वाक्य खरं आहे, म्हणूनच ते खपतं. राजे चार्ल्स यांचं चित्र असलेल्या नोटा ५ जून २०२४ पासून चलनात आल्या आणि राणीच्या नोटाही त्यांच्याबरोबर चालूच राहिल्या, पण फक्त प्लास्टिकच्या. वीस आणि पन्नास पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर व्यवहारातून बाद झाल्या. दहाच्या आणि पाचच्या तर त्याच्याही आधीच गेल्या.

लीड्सच्या दुकानात मामी बाळासाठी दुपटी आणि लेकीसाठी फळं घेऊन काउंटरवर उभ्या राहिल्या. काउंटरवरच्या मुलीने नोट उलटसुलट करून परत दिली. दुसरी दिली, तीही परत. मागं रांग, इंग्रजी जेमतेम, आणि समोरची माणसं आपल्याकडं कशी बघतायत याची धास्ती. सामान तिथंच ठेवून त्या बाहेर आल्या. आजही हे सांगताना त्यांचा आवाज बसतो. पैशापेक्षा मला हेच जास्त लागलं.

बाद झालेली नोट बँक ऑफ इंग्लंड बदलून देते, त्याला मुदत नाही. तिथल्या निवडक पोस्ट ऑफिसांतही मर्यादित रकमेपर्यंत बदलून मिळते. जावई एक दिवस रजा टाकून लंडनला गेले, ओळखपत्र घेऊन थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या त्या बँकेत रांगेत उभे राहिले. बाकीच्या नोटा बदलून मिळाल्या, पण सहा नोटा बनावट निघाल्या. बनावट नोटेचे पैसे मिळत नाहीत आणि ती नोट परतही देत नाहीत. १२० पौंड तिथंच गेले, वर रेल्वेचं भाडं आणि बायकोचे दिवस भरत आलेले असताना घालवलेला तो दिवस. त्या सहांपैकी एखादी नोट दुकानात देताना मामी सापडल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

आता पैसे न्यायचे कसे? मामींना परत जायचंय, म्हणून या वेळी आम्ही सगळं नीट समजून घेतलं.

परकीय चलन विकायचा परवाना रिझर्व्ह बँक देते: बँकांना आणि अधिकृत मनी चेंजरना. त्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. परवाना आणि दिवसाचा दर दुकानात समोर लावलेला असतो. पासपोर्ट, पॅन, तिकीट, व्हिसा बघितल्याशिवाय आणि अर्ज भरून घेतल्याशिवाय ते चलन देत नाहीत. ५०,००० रुपयांच्या वरची रक्कम त्यांना रोखीत घेता येत नाही, ती चेकने किंवा खात्यातूनच द्यावी लागते. समोरचा माणूस ८४,००० रोख घ्यायला तयार आहे, याचाच अर्थ तो व्यवहार कागदावर येऊ देणार नाही. आपल्या गावात पौंड लगेच हातात मिळतीलच असं नाही, म्हणून दहा-बारा दिवस आधी सांगून ठेवावं. विमानतळावर घेऊ म्हणून थांबू नये, तिथला दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो.

बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरइतकंच चलन नोटांच्या रूपात नेता येतं. पण वडीलधाऱ्या माणसांनी इतकी रोकड अंगावर वागवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मामींसाठी आम्ही बँकेचं फॉरेक्स कार्ड पौंडांत भरून घेतोय. भरलं त्या दिवशीचा दर कायम राहतो, आणि कार्ड हरवलं तर बंद करता येतं. रोख फक्त शंभर-दीडशे पौंड. घरचं डेबिट कार्ड अडीनडीला, कारण त्यावर बऱ्याच बँका परदेशातल्या खर्चावर तीन-साडेतीन टक्के जादा आकारतात. आणि तिथल्या मशीनने रुपयांत पैसे देणार की पौंडांत, असं विचारलं तर पौंडच दाबायचं. रुपये दाबले की दर दुकानदाराच्या बाजूचा लागतो, तो महागच असतो.

नोटा काउंटरवरच, बिल हातात असताना, एकेक चाळून घ्यायच्या. आताच्या पौंडाच्या नोटेला आरपार दिसणारी खिडकी असते, तिथून पलीकडचं बोट दिसतं. ती खिडकी नसली तर ती नोट घ्यायची नाही.

एजंटाकडे गेलो तेव्हा त्याने आधी हात वर केले, "मी दिलेल्या नोटा याच कशावरून?" मग धमकी दिली, "परवाना नसलेल्याकडून चलन घेणं हा तुमचा पण गुन्हा आहे, तक्रार केली तर काका अडकतील." फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, परवाना नसलेल्याकडून चलन घ्यायला मनाई आहे आणि त्याबद्दल दंड होऊ शकतो, हे खरं. पण हे ऐकून लोक गप्प बसतात म्हणूनच त्याचा धंदा चालू राहतो. वकिलाला विचारून, सगळं खरं लिहून आम्ही पोलिसांत अर्ज दिला आहे. पैसे रोख दिले होते म्हणून आमच्याकडे पुरावा कमी आहे. ज्यांनी अशा माणसाला चलनासाठी थोडी जरी रक्कम मोबाईलवरून पाठवली असेल, त्यांनी ते मेसेज पुसू नका. त्यांची प्रत काढा, आणि तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या.