पहिली पीसीपी (आधी भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी एअर रायफल) घेताना पंपाचे पैसे आधी बाजूला काढा

स्प्रिंगवाली एअर रायफल चार वर्षं वापरून शेवटी प्रीसिहोलची पीएक्स१०० अकिलीस घेतली, .१७७ कॅलिबरमधली (४.५ मिमी), आणि खरं सांगतो पहिल्याच दिवशी फरक कळला. झटका जवळपास नाहीच, त्यामुळे १० मीटरवर ग्रुप एकदम घट्ट येतो, म्हणजे नेम जवळजवळ एकाच जागी लागतात, स्प्रिंगमध्ये बंदूक धरण्यातच निम्मं लक्ष जायचं ते आता सगळं ट्रिगरवर.

पण बजेट ठरवताना नुसती बंदुकीची किंमत बघू नका राव, २०० बार (दाबाचं माप) पर्यंत हवा भरायला हायप्रेशर हँडपंप लागतोच, सायकलचा पंप इथे कामाचा नाही, आणि शेवटचे ३०-४० बार भरताना अक्षरशः घाम निघतो. मधेमधे थांबा, पंप गार होऊ द्या, ओल काढून टाका नाहीतर सील जातात. ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कडीला) फक्त सिलिकॉन ग्रीस, साधं ऑइल अजिबात नको, दाबाखाली पेट घेऊ शकतं.

लायसन्सचं म्हणाल तर .१७७ आणि २० ज्यूल ताकदीच्या आतली असेल तर लागत नाही, पण बिल जपून ठेवा. स्कोपवर नंतर खर्च करा, आधी दोन-तीन प्रकारचे पेलेट (छर्रे) आणून बघा, प्रत्येक बॅरलला वेगळाच आवडतो.