घरचा नॅस: तयार डबा घ्यावा की जुना पीसी कामाला लावावा?

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला, चोवीस तास चालू राहणारा डिस्कचा साठा, घरातल्या सगळ्यांना फोन-लॅपटॉपवरून वापरता येणारा. त्याचे दोन्ही प्रकार मी चालवतो आहे. पुण्यात आमच्या घरी सिनॉलॉजी या कंपनीचा दोन डिस्कचा तयार डबा आहे. रत्नागिरीला आईबाबांकडे माझा कॉलेजच्या दिवसांतला डेस्कटॉप ओपनमीडियाव्हॉल्ट हे नॅसचं मोफत सॉफ्टवेअर टाकून चालू आहे. दोन्हीकडे ठेवलेलं सामान तेच: मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे व्हिडिओ, आजोबांच्या हस्ताक्षरातल्या वह्यांची स्कॅन केलेली पानं, जमिनीची खरेदीखतं. कोणी विचारलं की कुठला घेऊ, तर मी प्रोसेसर आणि रॅमकडे नंतर वळतो. आधी विचारतो, तुम्ही आठवडाभर गावाला गेलात आणि हे यंत्र बंद पडलं, तर घरात कोण बघणार? या उत्तरावर बाकीचं बरंच ठरतं.

आधी पैशाचं बोलू. नॅस घेतला की क्लाउडचा खर्च वाचतो असा अनेकांचा समज असतो. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून फुकटची अमर्याद जागा बंद केली, तेव्हापासून १५ जीबी भरली की भाडं सुरू. २ टीबीचा प्लॅन भारतात बरीच वर्षं वर्षाला ६,५०० रुपयांना मिळत आला आहे, म्हणजे पाच वर्षांचे ३२,५००. दोन डिस्कचा रिकामा डबा वीस हजारांच्या आसपास जातो, त्यात ४ टीबीच्या दोन डिस्क घातल्या की चाळीस हजार ओलांडतात, वर यूपीएस आणि वीज. तेव्हा घरातलं सगळं मिळून दीड-दोन टीबीच्या आत बसत असेल, तर पैसे वाचवायला म्हणून नॅस घेऊ नका. मुलं व्हिडिओ एडिट करतात, घरात कोणी फोटोग्राफर आहे, चार-पाच फोन आणि दोन लॅपटॉपचा बॅकअप एका जागी हवा आहे, किंवा आपल्या आठवणी आपल्याच छपराखाली असाव्यात असं मनापासून वाटतं, तर पुढे वाचा. माझं कारण शेवटचं होतं.

जुना पीसी "फुकटात" पडतो, हेही तपासून बघा. तयार डबा साधारण १५ वॉट खातो. जुना डेस्कटॉप काहीच न करता ६० वॉटच्या आसपास बसतो. चोवीस तास चालू ठेवले तर वर्षाला डब्याची १३१ युनिटं होतात आणि डेस्कटॉपची ५२६. युनिटला ८ रुपये धरले तर एकाचे वर्षाला हजारभर, दुसऱ्याचे चार हजारांवर. पाच वर्षांत हा फरक पंधरा-सोळा हजारांवर जातो, म्हणजे जवळजवळ डब्याची किंमत वीजबिलातून दिल्यासारखंच. घरात जुना लॅपटॉप किंवा छोटा ऑफिसवाला मिनी पीसी असेल तर मात्र गणित बदलतं, कारण ते कमी वीज खातात. पण त्यांत साडेतीन इंची डिस्क बसत नाही, यूएसबीने बाहेर लटकवावी लागते, आणि यूएसबीवरची डिस्क मध्येच निसटण्याची भीती कायम राहते.

मांडणीला लागणारा वेळ हा मोठा फरक आहे. तयार डब्यात डिस्क स्क्रूने बसवल्या, राउटरला केबल लावली, ब्राउझरमधून डीएसएम ही त्यांची प्रणाली चढवली, की तासाभरात फोल्डर लॅपटॉपवर दिसतो. फोनवर त्यांचं फोटोचं ॲप टाकलं की गूगल फोटोजसारखी आपोआप नक्कल होऊ लागते. माझी बायको संगणकाच्या क्षेत्रातली नाही. तिच्या फोनवर हे ॲप मी एकदा लावून दिलं, त्यानंतर तिने मला काही विचारलेलं नाही. आईच्या बाबतीत एक अडचण आली: गूगल फोटोज तिला मराठीत दिसत होतं, इथे सगळं इंग्रजी. तिच्यासाठी मी गूगल बंद केलंच नाही, नॅसला दुसरी प्रत केली.

स्वस्तातले डबे फार अपेक्षा ठेवण्यासारखे नसतात, हेही सांगायला हवं. सिनॉलॉजीच्याच डीएस२२३जे या डब्यात १ जीबी रॅम आहे आणि ती वाढवता येत नाही. सुरुवातीला पन्नास हजार फोटो टाकले की त्यांच्या छोट्या प्रतिमा बनवणं आणि चेहरे ओळखणं कित्येक दिवस चालतं. तेवढे दिवस वेब पानं सावकाश उघडतात. घाबरू नका, एकदा ते उरकलं की यंत्र शांत होतं.

जुन्या पीसीवर याच्या उलट. ताकद भरपूर, कष्टही भरपूर. ओपनमीडियाव्हॉल्ट डेबियन लिनक्सवर बेतलेलं आहे, जुन्या यंत्रावरही आरामात चालतं. ट्रूनॅस या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरला किमान ८ जीबी रॅम लागते, पण त्यातली झेडएफएस ही फाइलप्रणाली (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) साठवलेला प्रत्येक तुकडा बरोबर आहे ना हे तपासत राहते. दोन डिस्कची जोडी, म्हणजे दोन्हींवर तेच लिहिलेलं, असेल तर एकीवर फोटोचा तुकडा कुजला की दुसरीवरून ती तो दुरुस्त करते. फोटोसाठी इमिच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली, आणि माझ्या मते गूगल फोटोजच्या सगळ्यात जवळ जाणारं मोफत सॉफ्टवेअर तेच. त्याच्यासाठी डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम आपापल्या वेगळ्या कप्प्यात चालवण्याची सोय, समजून घ्यावं लागतं. मला दोन रविवार लागले, आणि मी याच कामात पोट भरतो.

आता रत्नागिरीची गोष्ट. बायोसमध्ये, म्हणजे पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये, एक पर्याय असतो: वीज गेली आणि परत आली की यंत्राने आपोआप चालू व्हायचं. तो मी लावून आलो होतो. पावसाळ्यात लाइट गेली, बराच वेळ आली नाही, यूपीएस संपला, यंत्र बंद झालं. लाइट आल्यावर ते चालू झालंच नाही. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी केव्हाच संपली होती, त्यामुळे वीज जाताच बायोस सगळं विसरून मूळ पदावर गेलं आणि माझी सेटिंगही गेली. बाबांना वाटलं मीच पुण्यातून बंद केलं. मला वाटलं तिकडचं इंटरनेट गेलं. तीन आठवडे एकही फोटो तिकडे गेला नाही. सीआर२०३२ बॅटरी कोणत्याही घड्याळाच्या दुकानात चाळीस-पन्नास रुपयांत मिळते. जुना पीसी वापरणार असाल तर पहिल्या दिवशी ती बदला, आणि शक्य असेल तर एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग) सुद्धा. तयार डब्यातही वीज परत आल्यावर चालू होण्याची सेटिंग आहे, आणि ती माझ्याकडे तरी कधी पुसली गेलेली नाही.

यूपीएसबद्दल एक सूचना दोघांनाही. बाजारात मिळणाऱ्या साध्या ६०० व्हीएच्या बहुतेक यूपीएसना माहिती पाठवणारं यूएसबी पोर्ट नसतं. ते असेल तर बॅटरी संपत आल्याचं नॅसला कळतं आणि तो फाइली नीट मिटून बंद होतो. दुकानात हे पोर्ट दाखवायला सांगा, थोडे पैसे जास्त गेले तरी हेच घ्या.

डिस्कच्या बाबतीत जुन्या पीसीवाले जास्त फसतात, कारण घरात पडलेली डिस्क घालायचा मोह होतो. आजच्या काही डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, याला एसएमआर म्हणतात. थोडंसं बदलायचं तरी आजूबाजूचे पट्टे पुन्हा लिहावे लागतात. अशी डिस्क एरवी ठीक चालते, पण जोडीतली एक मेली आणि नवीवर सगळं पुन्हा उतरवायची वेळ आली की ती रांगायला लागते, आणि झेडएफएसमध्ये तर बाहेरच फेकली जाऊ शकते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं आणि मोठी ओरड झाली. त्यानंतर कंपनीने रेड प्लस ही मालिका वेगळी काढली, ती सीएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारी, आहे. सीगेटची आयर्नवुल्फही सीएमआर. तालुक्याच्या गावात सहज मिळतात त्या सीसीटीव्हीवाल्यांकडच्या डिस्क. त्या घरी चालतात, पण दर सारखा असेल तर नॅसचीच घ्या. आणि घेतल्या दिवशी स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) डिस्क किती तास चालली आहे ते बघा. नव्या डिस्कवर हा आकडा शून्याच्या जवळ हवा. हजारांत असेल तर त्याच दिवशी परत करा.

तयार डब्यात कंपनीच्या मर्जीवर राहावं लागतं, हा त्याचा खरा तोटा. सिनॉलॉजीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं की प्लस मालिकेच्या नव्या यंत्रांत आपल्याच मान्यतेच्या डिस्क चालतील. लोक संतापले, ऑक्टोबरात डीएसएम ७.३ आणताना त्यांनी ते मागे घेतलं. मागे घेतलं हे चांगलं, पण घेणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी. दिलासा एवढा की आतली रचना लिनक्सचीच असल्यामुळे डबा मेला तरी डिस्क लिनक्सच्या पीसीला जोडून माहिती काढता येते.

वेगाची तक्रार बहुधा नॅसची नसते. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळायला हवेत. ११ मिळत असतील तर कुठेतरी १०० एमबीपीएसची गाठ आहे. आमच्याकडे केबल ओढणाऱ्याने आठातल्या चारच तारा जोडल्या होत्या. ५०० जीबीला जिथे सव्वा तास पुरला असता तिथे साडेबारा तास लागत होते. फायबर कंपनीने दिलेल्या राउटरवरचं प्रत्येक पोर्टही गिगाबिट नसतं, तेही तपासा.

राउटरच्या यूएसबीला डिस्क लावायचा तिसरा मार्ग मी कोणाला सुचवत नाही. बरेच जुने राउटर एसएमबीची (नेटवर्कवर फाइली वाटून घेण्याच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती वापरतात आणि २०१७ पासून विंडोज ती मुळातच बसवत नाही. रास्पबेरी पाय ४ किंवा ५ हे तळहाताएवढे संगणक शिकायला उत्तम, पण घरच्या एकुलत्या फोटोंसाठी नको.

घराबाहेरून आपल्या नॅसपर्यंत पोहोचण्यात तयार डबा आणि जुना पीसी दोन्ही आता सारखेच सोपे आहेत. आपल्याकडे अनेक कंपन्या घराला स्वतंत्र आयपी पत्ता देत नाहीत, त्यामुळे जुन्या व्हिडिओंमध्ये दाखवलेलं पोर्ट उघडणं, म्हणजे इंटरनेटवरून थेट नॅसपर्यंत यायला राउटरमध्ये वाट करून देणं, चालतच नाही. चाललं तरी करू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंटरनेटला उघडे ठेवलेले क्यूनॅप या कंपनीचे नॅस कुलूपबंद करून प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले होते. टेलस्केल ही आपलीच यंत्रं इंटरनेटवरून सुरक्षितपणे एकमेकांना जोडणारी सेवा दोन्ही प्रकारांवर चालते, घरगुती वापराला फुकट आहे, आणि पुणे-रत्नागिरी मी त्यानेच जोडलं आहे.

रोज रात्री पुण्याची नक्कल रत्नागिरीला जाते. दोन डिस्कची जोडी म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेला फोल्डर दोन्हींवरून एकाच क्षणी पुसला जातो. लांब नातेवाईक नसतील तर एक बाहेरची डिस्क घ्या, महिन्यातून एकदा भरा आणि भावाच्या किंवा मैत्रिणीच्या घरी ठेवा. हा खर्च पहिल्या दिवशीच हिशेबात धरा. तो परवडत नसेल तर दोन डिस्कचा डबा घेण्यापेक्षा एका डिस्कचा घ्या आणि दुसरी डिस्क बाहेर ठेवा. मी तरी तेच करेन.

अजूनही ठरत नसेल तर मी केलं ते करून बघा. आमच्या कपाटात एलआयसीच्या कागदांबरोबर एक फोल्डर आहे. त्यात मी बायकोसाठी मराठीत लिहून ठेवलंय, मी नसताना यंत्र बंद पडलं तर काय करायचं, पासवर्ड कुठे आहे, फोटो बाहेर कसे काढायचे. तयार डब्याचं हे सगळं एका पानाच्या एका बाजूत संपलं. रत्नागिरीच्या पीसीची तीन पानं झाली, आणि तिसऱ्या पानावरच्या आज्ञा बाबांना टाइप करता येणार नाहीत हे लिहितानाच कळत होतं. पुढच्या दिवाळीत तिकडेही तयार डबा नेणार आहे.